ढगालाही जमीन लागते

वाचकहो, बातम्यांचे भाषांतर करून पोट भरणाऱ्या माणसाला एक कायमचा शत्रू असतो, आणि तो म्हणजे नवा शब्द. राजकारणाच्या बातमीत तो क्वचितच भेटतो. तेथे वर्षानुवर्षे तेच शब्द नवे कपडे घालून येतात. यंत्रविद्येच्या बातम्यांचे मात्र तसे नाही. सकाळी टेबलावर कागद पडला की त्यात निदान एक तरी शब्द असा असतो, की ज्याला मराठीत घर नाही. आणि संध्याकाळी अंक छापखान्याकडे जाण्यापूर्वी त्याला कोठे तरी बिऱ्हाड करून द्यावे लागते.

२०२५ च्या मे महिन्यात अशीच एक बातमी आमच्या वाट्याला आली. छत्तीसगडची नवी राजधानी जी नवा रायपूर, तेथे ३ मे रोजी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरची कोनशिला बसली होती. साडेतेरा एकर जागा, सुमारे एक हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, आणि देशातील या प्रकारचे हे पहिलेच संकुल, असा तो मजकूर होता. येथवर सारे सुरळीत चालले. पण पुढे पानभर ‘क्लाउड’ हा शब्द पसरला होता, आणि आमची लेखणी अडली. ‘मेघ’ लिहावे तर वाचकाला कालिदास आठवणार. ‘ढग’ लिहावे तर छत्री आठवणार. आणि ‘क्लाउड’ तसाच ठेवावा तर आमचे वरिष्ठ विचारणार, की मग तुम्हांला पगार कशाबद्दल देतो?

आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना ही अडचण नव्हती. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, तेव्हा लोकांनी तिला कोणत्याही समितीकडे न धाडता सरळ ‘आगगाडी’ म्हणून टाकले. त्या एका शब्दात केवढी कबुली होती पाहा! या गाडीच्या पोटात आग आहे, ती कोळसा खाते आणि ठिणग्या टाकते, तेव्हा धोतर-पदर सांभाळून जरा दूर उभे राहा, इतके सारे त्या नावात आले. आगबोट झाली ती तशीच, आणि आगपेटीही तशीच. पुढे शब्द घडविण्याचे काम सरकारने अंगावर घेतले. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९६२ साली पदनाम कोश काढला, आणि आचार्य अत्रे यांनी त्याचे बारसे ‘बदनाम कोश’ असे केले. थट्टा झाली खरी. तथापि त्यातले कितीतरी शब्द आज कचेऱ्या-कचेऱ्यांच्या दारांवर रंगविलेले दिसतात आणि कोणाला हसूही येत नाही.

सांगावयाचे ते इतकेच, की जुनी नावे, लोकांनी दिलेली असोत की सरकारने, वस्तू काय करते ते सांगत असत. ‘क्लाउड’ हे नाव मात्र ती वस्तू कोठे आहे, काय खाते, काय पिते, यांतले काहीच सांगत नाही. ते नुसते वर बोट दाखविते. वर पाहावे तर आकाश निरभ्र!

ह्या पेचातून आमची सुटका केली ती रायपूरच्या मावशीने. रायपुरात मराठी मावशी कशी, असे महाराष्ट्रातील वाचक कदाचित विचारतील. त्यांना सांगितले पाहिजे, की नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती, आणि त्या राज्याची राजधानीही नागपूरच होती. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी असा त्या घरांचा त्रिवेणी संगम असतो.

तर आम्ही रजा काढून मावशीकडे गेलो असता तिने आपला मोबाइल पुढे केला. ‘‘हे बघ रे, हा सारखा ‘जागा संपली’ म्हणून राहिला. इतक्याशा डबीत मी असं काय भरलं?’’ आम्ही पाहिले. नातवंडांची छायाचित्रे होती, लग्नकार्ये होती, आणि त्याशिवाय ‘सुप्रभात’ म्हणणारी सूर्योदयाची चित्रे चौदाशेहून अधिक होती. आम्ही शहाणपणाने म्हणालो, ‘‘मावशी, हे सारे ढगात ठेवून देऊ.’’

‘‘कुठे?’’

‘‘ढगात. म्हणजे ते इथे नसेल, पण हवे तेव्हा दिसेल.’’

‘‘अन् तो ढग कुठे राहते?’’

आम्ही समजावून सांगितले, की ढग म्हणजे हजारो संगणक मांडलेली मोठमोठी दालने; ती मुंबईस आहेत, नव्या मुंबईस आहेत, परदेशी आहेत, आणि तसलेच एक संकुल आता तुझ्याच गावाशेजारी नव्या रायपुरात उभे राहावयाचे आहे. मावशीने मोबाइल परत घेतला आणि म्हणाली, ‘‘मग सरळ गोदाम म्हण ना रे! ढग-ढग काय लावलंस?’’

वाचकहो, भाषा संचालनालयास जे साधले नसते ते मावशीने भाजी निवडता निवडता साधले. गोदाम! ज्याला भिंती असतात, कुलूप असते, मालक असतो, आणि ज्याच्याखाली जमीन असते. काकांनी मात्र आणखी एक पर्याय सुचविला. मराठीतील जाणते लोक डेटाला ‘विदा’ म्हणतात, तेव्हा ‘विदा-केंद्र’ का म्हणू नये? तो शब्द त्यांनी मोठ्या अभिमानाने शेजारच्या हिंदी भाषक गृहस्थांना ऐकविला. ते बिचारे गंभीर झाले. हिंदीत ‘विदा’ म्हणजे निरोप. त्यांना वाटले, की हे केंद्र स्मशानाजवळ बांधीत आहेत. त्या वेळी आम्ही पोटभर हसलो. पण दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हांला नवे रायपूर दाखविण्यास नेले, तेव्हा त्या गृहस्थांची चूक आम्हांला तितकीशी चूक वाटली नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, आणि जुन्या रायपुराच्या आग्नेयेस एक आखीव राजधानी वसविण्याचे ठरले. २०१२ साली मंत्रालय तेथे गेले, २०१८ साली शहराला अटलनगर हे नाव जोडले गेले, आणि राज्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, १ नोव्हेंबर २०२५ रोजी, नव्या विधानभवनाचे उद्घाटन झाले. रस्ते असे रुंद, की पलीकडे जाताना माणसाने शिदोरी बरोबर घ्यावी. तळी आहेत, झाडे आहेत, दिव्यांच्या रांगा आहेत. आणि या आखीव शहराच्या पोटात राखी, कयाबांधा अशी जुनी गावे आपापली तळी व देवळे घेऊन बसली आहेत. एकंदर ४१ गावांच्या शिवारावर ही राजधानी आखलेली आहे.

आता त्या गोदामाकडे वळू. त्याच्या आत काय असते? लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि प्रत्येक कपाटात एकावर एक रचलेले संगणक. त्यांना पडदा नसतो, कळफलक नसतो. कारण त्यांच्यासमोर बसावयाला माणूसच नसतो. ते रात्रंदिवस जागे असतात. आपण पहाटे तीन वाजता उठून जुना फोटो पाहिला तरी तो तत्क्षणी मिळावा, म्हणून त्यांना झोप ठाऊक नाही. आता शाळेत शिकलेला एक नियम आठवावा. संगणकात शिरलेली वीज काम करून शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून जितकी वीज आत, तितकी ऊब बाहेर. आणि ती काढून टाकली नाही तर यंत्रे करपतील, यास्तव ती थंड करण्यासाठी आणखी वीज. काही पद्धतींत या थंडाव्यासाठी पाण्याची वाफ करून ती हवेत सोडतात; काही नव्या पद्धतींत यंत्रे विशिष्ट द्रवात बुडवून ठेवतात व पाणी वाचवितात. ढगाने पाणी द्यावे ही सृष्टीची रीत. पण हा ढग आपल्याकडेच पाणी मागावयास येतो.

जाहीर झालेल्या आराखड्याप्रमाणे या संकुलाचा आरंभ पाच मेगावॉटने होणार असून पुढे ते दीडशे मेगावॉटपर्यंत वाढवावयाचे आहे. मेगावॉट म्हणजे काय, हे गृहिणींना वीजबिलाच्या भाषेत सांगितले पाहिजे. पाच मेगावॉट अखंड चालले तर दिवसाला १ लाख २० हजार युनिट होतात, आणि तीस दिवसांच्या महिन्याला ३६ लाख. ज्या घरात महिन्याला शंभर युनिट वीज जळते, अशा ३६ हजार घरांची ही वीज झाली. दीडशे मेगावॉटचा हिशेब याच त्रैराशिकाने १० लाख ८० हजार घरांवर जातो. ही वीज येणार कोठून? छत्तीसगडात विजेचा फार मोठा भाग कोळशातून निघतो. कोरबा जिल्ह्यातील गेवरा ही जगातील सर्वांत मोठ्या कोळसा खाणींपैकी एक आहे, आणि कोरब्याच्या चिमण्या अहोरात्र धुरकटत असतात. म्हणजे आग आहेच. आगगाडीची आग डोळ्यांसमोर होती, एवढाच काय तो फरक. ढगाची आग पुष्कळ कोस दूर असते, आणि म्हणून ढग पांढरा दिसतो.

हे वाचून कोणाला वाटेल, की लेखकाला यंत्रांचा राग आहे. तसे मुळीच नाही. ज्या मुलखात भिलाई आहे, तेथे उभे राहून यंत्रांची निंदा करणारा माणूस कृतघ्न ठरेल. सोव्हिएत रशियाशी १९५५ साली करार होऊन रायपूरच्या पश्चिमेस पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीने नुसते लोखंड वितळविले नाही. नाना प्रांतांची माणसे तिने एका वसाहतीत आणून घातली. तेलुगु शेजारणीकडून लोणचे आले, बंगाली मास्तरांनी मुलांना गाणे शिकविले, मराठी घरांतून गणपती बसले. शाळा, दवाखाना, घर आणि निवृत्तिवेतन या चार गोष्टी भट्टीच्या मागोमाग आल्या. कारखान्याचा धूर लोकांनी सोसला, कारण त्या धुराखाली त्यांची चूल पेटत होती.

नव्या ढगाची चूल किती घरांत पेटेल? जाहीर झालेला आकडा असा, की सुमारे पाचशे जणांना प्रत्यक्ष आणि पंधराशे जणांना अप्रत्यक्ष रोजगार मिळेल. हजार कोटींना पाचशेने भागावे. एका नोकरीमागे दोन कोटी रुपये पडतात. पाचशे घरे ही काही थोडकी नव्हेत. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी तेथे लागेल त्या घरात दिवाळीच होईल. पण यंत्रे जितकी हुशार, तितकी माणसे कमी लागतात, हे आपण ध्यानात ठेवावयास हवे. झोतभट्टीला हजारो हात लागत. या गोदामाला मुख्यतः वीज, थंडावा आणि पहारा लागतो.

आता जमिनीचा हिशेब. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. २०२३-२४ च्या हंगामापासून तेथील सरकार एकरी २१ क्विंटलपर्यंत भात घेत आले असून शेतकऱ्याच्या पदरात क्विंटलमागे ३,१०० रुपये पडतात. साडेतेरा एकरांवर या मर्यादेइतके भात पिकले तर २८३ क्विंटल आणि वर पन्नास किलो, रुपये ८,७८,८५०. एका बाजूला वर्षाचे पावणेनऊ लाख आणि दुसऱ्या बाजूला हजार कोटींची गुंतवणूक! कोणताही कारकून म्हणेल, की यात विचार तो काय करावयाचा? परंतु प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, राजधानीसाठी जमिनी घेण्याचे काम डेटा सेंटरच्या कितीतरी वर्षे आधीचे आहे. एखाद्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात हा ढग काल येऊन उतरला, असे नाही. आणि दुसरी, जमीन गेली तरी तिचा प्रश्न गेला नाही. ३ जानेवारी २०२२ पासून नव्या रायपुरातील २७ गावांचे शेतकरी भरपाई, भूखंड आणि रोजगार या मागण्यांसाठी धरणे धरून बसले होते, आणि ते आंदोलन महिनोन्‌महिने चालले.

महाराष्ट्रातील वाचकांना ही कथा नवी वाटू नये. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण प्राणास मुकले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले, आणि पुढे ते इतरत्रही उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले. आज त्याच नव्या मुंबईत, ऐरोलीपासून पनवेलपर्यंत, अशी विदा-गोदामे उभी आहेत. म्हणजे आपल्या मोबाइलातील चित्रे ज्या ढगात आहेत, त्याच्या पायाखाली कोणाची भातशेती होती, कोणाचे मिठागर होते. चित्र पाहताना ते दिसत नाही, इतकेच.

नव्या रायपुराहून परतलो त्या संध्याकाळी मावशीच्या दारात भाजीवाली बसली होती. ती त्या राजधानीच्या हद्दीतील एका गावाची. तिच्या टुकनीत लाल भाजी होती, चेच भाजी होती, आणि कडेला चौकड्यांचे ते छापील चित्र, ज्यावर मोबाइल धरला की पैसे जातात. आम्ही वीस रुपये पाठविले. पैसे पोचल्याची खूण आमच्या मोबाइलावर उमटली, पण तिच्याकडे काहीच वाजले नाही. ‘‘तुमचा मोबाइल कोठे?’’ असे विचारता ती हसून म्हणाली, ‘‘मोबाइल ला लइका धरे हे.’’ मोबाइल मुलाजवळ आहे. चित्रही मुलाच्या खात्याचे. भाजी तिची, ओझे तिचे, ऊन तिचे, आणि पैसे मुलाच्या खात्यात. मुलगा वाईट नव्हे. मागितले की देतो. पण आपल्याच कष्टाचे पैसे मागावे लागणे ही गोष्ट नवी नाही. त्यावर चढविलेला चकचकीत वेष तेवढा नवा.

पुढची कथा मावशीने सांगितली. २०१८ साली छत्तीसगड सरकारने संचार क्रांती योजना काढली आणि बायकांना व महाविद्यालयातील मुलांना मिळून सुमारे पन्नास लाख मोबाइल फुकट वाटण्याचा बेत केला. हेतू उदात्त होता: बाईच्या हाती यंत्र आले की बाईच्या हाती जग येईल. त्याच वर्षअखेर सत्तांतर झाले आणि वाटप अर्ध्या वाटेवर थांबले. या भाजीवालीलाही त्या वेळी एक मिळाला होता. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने तो ‘शिकण्यासाठी’ घेतला, नवऱ्याकडून तो मुलाकडे गेला, आणि मुलाकडून दुरुस्तीच्या दुकानात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ‘मी स्वतः वापरते असा मोबाइल माझ्याजवळ आहे’ असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण छत्तीसगडात सुमारे ४१ टक्के आढळले; साऱ्या देशात ते ५४ होते. यंत्र घरात येणे आणि हातात येणे यांमध्ये उंबरठा असतो, आणि तो कोणत्याही निविदेत मोजलेला नसतो.

आमच्या वीस रुपयांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ते आमच्या बँकेतून मुलाच्या बँकेत गेले, आणि त्या वाटेवर अनेक यंत्रांनी त्यांची नोंद केली. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये असा नियम केला, की देण्याघेण्याची अशी सारी माहिती भारतातच साठविली पाहिजे. नियम रास्त आहे. आपल्या घरची वही परक्याच्या कपाटात का असावी? पण वही घरात ठेवावयाची तर कपाट घरात हवे, आणि कपाटाला जागा हवी. म्हणून ही गोदामे देशात ठिकठिकाणी वाढत आहेत, आणि पुढेही वाढतील. लाल भाजीची एक जुडी विकली गेली तरी कोठे तरी एक दिवा लुकलुकतो. उद्या तो दिवा भाजीवालीच्याच गावच्या शिवारात लुकलुकू लागला, तर तिला ते कोणी सांगेल काय?

ह्या टुकनीवरून रायपूरच्याच एका थोर संपादकाची आठवण होते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले, कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए.; पण त्यांनी १९०० सालच्या जानेवारीत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यांचे सहकारी रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हेही मराठीच. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ सप्र्यांनीच हिंदीत नेले, म्हणून आम्हां भाषांतरकारांचे ते कुलपुरुष. त्यांच्या मासिकात १९०१ साली त्यांचीच एक छोटी गोष्ट आली होती. हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढविण्यासाठी शेजारच्या अनाथ विधवेची झोपडी हवी असते. कायद्याचे डावपेच लढवून तो ती मिळवितो. मग ती बाई एके दिवशी येऊन चुलीसाठी त्या जागेतली टोपलीभर माती मागते, आणि टोपली उचलून देण्याची विनंती त्यालाच करते. ती त्याला उचलत नाही. बाई त्याला एवढेच सुचविते, की एका टोपलीचे हे ओझे, तर साऱ्या झोपडीच्या मातीचे ओझे जन्मभर कसे वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि तो झोपडी परत करतो.

आजचा व्यवहार इतका सोपा नाही, हे आम्ही जाणतो. येथे दुष्ट जमीनदार कोणी नाही. सरकारला राज्य पुढे न्यावयाचे आहे, उद्योजकाला उद्योग करावयाचा आहे, आणि मावशीला नातवंडांची चित्रे हवी आहेत. किंबहुना त्या वाड्याचे रहिवासी आपण सारेच आहोत. म्हणूनच टोपली उचलून पाहण्याची पाळीही आपलीच. ढग जमिनीवर उतरू नये असे कोण म्हणेल? पण तो ज्यांच्या जमिनीवर उतरतो, त्यांच्या मुलांना त्यात पहारेकऱ्याच्या वरची जागा मिळेल काय. तेथील शाळांत ते शिक्षण पोचेल काय. त्याने घेतलेल्या पाण्याचा आणि विजेचा हिशेब गावाला वाचता येईल अशा भाषेत लावला जाईल काय. आणि त्याच्या छायेत भाजी विकणाऱ्या बाईच्या नावाचे खाते तिच्या स्वतःच्या हातात येईल काय? हे प्रश्न मोठ्या परिषदांतच विचारावेत असे नाही. घरात वर्तमानपत्र वाचताना मुलांसमोर विचारले तरी पुष्कळ झाले. नव्या यंत्राची बातमी आली की तीन गोष्टी शोधाव्यात: ते कोठे उभे राहणार, काय खाणार आणि कोणाच्या हाती राहणार. बातमीत त्या नसतील, तर बातमी अपुरी समजावी. तो दोष कदाचित भाषांतरकाराचाही असेल.

निरोप घेण्यापूर्वी आम्ही दोन कामे केली. भाजीवालीच्या मुलाला गाठून त्याच्या आईच्या नावाने स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र छापील चित्र कसे मिळवावे ते समजावून सांगितले. त्याने मान डोलाविली. आईने ती डोलाविण्याआधी आमच्याकडे, आणि नंतर त्याच्याकडे पाहिले. खाते निघाले की नाही ते मावशी कळवील. दुसरे काम मावशीने केले. गोदामाच्या विजेचा हिशेब ऐकून तिने चष्मा लावला आणि चौदाशे सूर्योदय एकेक करून पुसले. त्यांत एक संबंध दुपार गेली.

ज्या बातमीपासून हे सारे निघाले, तिच्या मथळ्यात त्या वेळी आम्ही ‘डेटा सेंटर’ असेच लिहिले होते. कारण मथळ्यातले नाव वाचकाने बाजारात ऐकलेले असावे लागते. यापुढे असली बातमी आली तर मजकुरात एक वाक्य जास्त घालावयाचे आम्ही ठरविले आहे: ‘म्हणजे माहितीचे गोदाम, त्याला जमीन, वीज आणि थंडावा लागतो.’ वरिष्ठांना हे वाक्य अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. त्यांना आम्ही मावशीचा पत्ता देऊ.

परत आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे आमच्या मोबाइलावर मावशीचा संदेश आला: ‘सुप्रभात’. चित्रात नव्या रायपुरातले तळे होते, पलीकडे सूर्य उगवत होता, आणि वर एक पांढरा शुभ्र ढग होता. चित्र सुरेख होते, म्हणून आम्ही ते जपून ठेवले आहे. कोठे, ते आता वाचकांना सांगावयास नको.